चिनी वैद्यकाची मूलतत्त्वे : समजून घेऊ, पारखून घेऊ

(लोणावळा येथे वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आम्ही वैद्य नाही, डॉक्टरही नाही. कला शाखेची पदवी घेतलेले आणि बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांचे पैसे मोजणारे आम्ही एक साधे कारकून. तेव्हा चिनी वैद्यकासारखा विषय आम्ही का निवडला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आमच्या घरातच आहे.

पवन मावळात आमचे मामा राहतात. वर्षानुवर्षे भातलावणीच्या चिखलात उभे राहून त्यांचे गुडघे दुखू लागले होते. काही वर्षांपूर्वी बाजारपेठेत एक शिबिर भरले. तेथे चिनी पद्धतीने सुया टोचून उपचार होत. मामांनी चार-पाच वेळा सुया घेतल्या आणि गुडघा हलका झाला. ही गोष्ट खोटी नाही. मामा पुन्हा जिना चढू लागले, हे आम्ही स्वतः पाहिले. पुढे त्याच उपचारकाने त्यांना सांगितले की, आता शरीरातील शक्तीचा प्रवाह मोकळा झाला आहे, साखरेच्या गोळ्यांची गरज उरली नाही. ज्याने गुडघा बरा केला, त्याचे म्हणणे मामांनी मानले. गोळ्या बंद झाल्या. चार महिन्यांनी चप्पल घासून पायाला झालेली जखम भरेना. ती चिघळली, काळी पडली आणि शेवटी पायाचे एक बोट काढावे लागले.

आम्ही संतापलो होतो. मामा मात्र शांतपणे म्हणाले, "आरं, गुडघ्याला गुण आला हे खरंच हाय. पन साखर काय गुडघ्यात असती व्हय?"

मामांच्या या एका वाक्यावर आमचे आजचे व्याख्यान उभे आहे. ज्या विद्येने गुडघ्याला गुण आला ती विद्या काय आहे, तिची मूलतत्त्वे कोणती, आणि तिच्यावर कोठपर्यंत विसंबावे, एवढाच आमचा विषय आहे. प्रथम ती विद्या तिच्याच शब्दांत समजून घेऊ. न समजता टीका करणे हे न समजता विश्वास ठेवण्याइतकेच चुकीचे आहे.

यिन आणि यांग

चिनी वैद्यकाचा सर्वांत जुना आधारग्रंथ म्हणजे 'ह्वांगदी नेइजिंग', म्हणजे पीत सम्राटाचा वैद्यकग्रंथ. तो सुमारे २,००० वर्षांपूर्वी संकलित झाला. या ग्रंथाचा पाया यिन आणि यांग या जोडीवर आहे. या शब्दांचा मूळ अर्थ अगदी साधा आहे. यिन म्हणजे डोंगराची सावलीतील बाजू आणि यांग म्हणजे उन्हातील बाजू.

आपणा मावळवासीयांना हे समजावण्यासाठी चीनला जाण्याचे कारण नाही. भाजे आणि बेडसे ही दोन्ही लेणी एकाच डोंगररांगेत आहेत. बेडशाचे तोंड पूर्वेकडे आणि भाजाचे पश्चिमेकडे. सकाळी बेडशाच्या खांबांवर कोवळे ऊन पडते तेव्हा भाजे सावलीत असते, आणि संध्याकाळी भाजाच्या चैत्यकमानीत ऊन शिरते तेव्हा बेडसे सावलीत जाते. डोंगर तोच, दगड तोच. ऊन आणि सावली मात्र जागा बदलत राहतात. चिनी वैद्य म्हणतो की शरीराचेही असेच आहे. उष्णता, हालचाल, जागेपण हे यांग. थंडावा, विश्रांती, झोप हे यिन. यांतील एक चांगले आणि दुसरे वाईट असे नाही. दोन्हींचा मेळ म्हणजे आरोग्य, आणि मेळ बिघडला की रोग. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर जमा आणि नावे या दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. नुसती जमेची बाजू वाढली म्हणून ताळेबंद बरोबर ठरत नाही.

ची आणि तिच्या वाहिन्या

दुसरे तत्त्व म्हणजे 'ची'. तिला कोणी प्राण म्हणतात, कोणी जीवनशक्ती म्हणतात. चिनी लिपीतील तिचे जुने अक्षर पाहण्यासारखे आहे. त्यात वाफेची खूण आहे आणि तिच्या पोटात तांदळाची खूण आहे. भात शिजताना झाकण उचलले की जी वाफ वर येते, ती डोळ्यांसमोर आणा. इंद्रायणी तांदळाचा वास घरभर पसरतो तेव्हा तांदूळ, पाणी आणि विस्तव यांच्यापलीकडचे काहीतरी तेथे आहे असे वाटते. अन्नातून आणि श्वासातून शरीरात जी ऊब व हालचाल निर्माण होते, तिला चिनी वैद्यांनी 'ची' म्हटले.

ही ची शरीरात वाहिन्यांतून फिरते, अशी त्यांची मांडणी आहे. मुख्य वाहिन्या १२. त्यांत शरीराच्या मध्यरेषेवरील पुढची एक आणि मागची एक मिळवली की १४ होतात. त्यांवर ३६१ बिंदू मोजले जातात. सुया टोचतात त्या या बिंदूंवर. उदाहरणार्थ, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला 'त्सू-सान-ली' नावाचा प्रसिद्ध बिंदू आहे. तो पायावर असूनही पोटाच्या तक्रारींसाठी वापरला जातो, कारण त्यावरून जाणारी वाहिनी जठराची मानली आहे.

प्रवाह मोकळा असेल तर दुखणे नाही, प्रवाह तुंबला की दुखणे, असे त्यांचे सूत्र आहे. ही कल्पना शेतीला पाणी देणाऱ्या समाजाची आहे. पाट तुंबला तर वरचे शेत सडते आणि खालचे वाळते. आपल्याकडे वळवण, लोणावळा आणि शिरवटा येथे पाणी अडवून ते घाटाखाली सोडले आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पाणी कोठे अडवावे, कोठे सोडावे आणि किती सोडावे, यावर सारे अवलंबून असते. सुई टोचणारा वैद्य स्वतःला असाच पाटकरी समजतो.

पाच अवस्था आणि सहा बाह्य कारणे

तिसरे तत्त्व पंचावस्थांचे. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. आपल्याला लगेच पंचमहाभूते आठवतात, परंतु दोहोंत फरक आहे. पंचमहाभूते म्हणजे वस्तू कशापासून बनली ते. चिनी पंचावस्था म्हणजे बदल कोणत्या क्रमाने होतो ते. लाकडातून अग्नी पेटतो, अग्नीची राख होऊन माती बनते, मातीच्या पोटात धातू मिळतो, थंड धातूवर पाण्याचे थेंब जमतात आणि पाण्यावर झाड वाढते. हे पोषणाचे चक्र. दुसरे चक्र आवर घालण्याचे आहे. झाडाची मुळे मातीला धरतात, माती पाण्याला बांध घालते, पाणी अग्नीला विझवते, अग्नी धातूला वितळवतो आणि धातूची कुऱ्हाड झाड तोडते. यकृताला लाकूड, हृदयाला अग्नी, प्लीहेला माती, फुप्फुसाला धातू आणि मूत्रपिंडाला पाणी अशी जोडी लावली आहे. त्यांच्याशी अनुक्रमे राग, हर्ष, चिंता, शोक आणि भय ही मनाची स्थितीही जोडली आहे. मन आणि शरीर ही दोन वेगळी खाती नव्हेत, असे हे वैद्यक मानते.

रोगाची बाहेरून येणारी कारणे सहा : वारा, थंडी, उन्हाळ्याची उष्णता, ओल, कोरडेपणा आणि अग्नी. यांपैकी 'ओल' म्हणजे काय, हे लोणावळेकरांना कोणी सांगावे? येथे वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. श्रावणात भिंतींना पाणी सुटते आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. अशा दिवसांत अंग जड होणे, सांधे धरणे, भूक मंदावणे यांना चिनी वैद्य ओलीचा विकार म्हणतो.

रोग ओळखण्याच्या रीती चार आहेत. पाहणे, ऐकणे व वास घेणे, विचारणे आणि स्पर्शाने तपासणे. पाहण्यात जिभेला फार महत्त्व. तिचा रंग, तिच्यावरचा थर, तिच्या कडा पाहतात. स्पर्शात नाडी. दोन्ही मनगटांवर प्रत्येकी तीन ठिकाणी ती पाहतात. त्यानंतर रोग थंड की उष्ण, वरवरचा की खोलवरचा, कमतरतेचा की अतिरेकाचा हे ठरवून औषधी वनस्पती, सुया, दवण्याच्या जातीच्या वाळलेल्या वनस्पतीची धग, मालिश, आहार आणि व्यायाम यांची योजना करतात.

बंधूंनो, भारत आणि चीन यांच्यात वैद्यकाची ही देवाणघेवाण जुनी आहे. इत्सिंग हा चिनी भिक्खू इ. स. ६७१ मध्ये चीनहून निघाला, सुमारे दहा वर्षे नालंदेत राहिला आणि ६९५ मध्ये परतला. भारतीय वैद्यकाच्या आठ शाखांविषयी आणि लंघनाच्या उपयोगाविषयी त्याने आदराने लिहिले. मात्र सुया टोचण्यात आणि नाडीपरीक्षेत आपल्या देशाची बरोबरी कोणी करू शकत नाही, असा अभिमानही त्याने नोंदवला.

महाराष्ट्राचा धागा

अर्वाचीन काळात या विद्येची भारतातील वाट एका मराठी माणसाच्या जवळून जाते. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. मुखर्जी, डॉ. बिजय कुमार बसू आणि आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. डॉ. कोटणीस तेथेच राहिले, आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तेथेच वारले. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. डॉ. कोटणीस हे मुंबईत शिकलेले शस्त्रक्रियातज्ज्ञ होते. त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. सुयांची विद्या भारतात आणली ती त्यांचे सहकारी डॉ. बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन ती शिकले आणि कलकत्त्यास त्यांनी उपचार सुरू केले. पुढे पश्चिम बंगालने १९९६ साली आणि महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने ॲक्युपंक्चरला कायद्याची चौकट दिली. आपल्या राज्यात उपचारकांच्या नोंदणीसाठी परिषद आहे. म्हणजे आज सुया टोचणाऱ्यास "आपला नोंदणी क्रमांक काय?" असे विचारण्याचा आपणास अधिकार आहे. आमच्या मामांनी ते विचारले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते.

प्रत्येक दाव्याचे खाते वेगळे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बँकेत एखाद्याने पाच हजारांचे कर्ज वेळेवर फेडले, म्हणून त्याला पाच लाख विनातारण देत नाहीत. प्रत्येक अर्जाची छाननी वेगळी होते. आणि एका खात्यातील जमा दुसऱ्या खात्यावर दाखविणे हा तर गुन्हाच आहे. मामांच्या बाबतीत नेमके हेच घडले. गुडघ्याच्या खात्यातील जमा साखरेच्या खात्यावर दाखविली गेली.

म्हणून आपण तीन खाती उघडून पाहू.

पहिले खाते दुखण्याचे. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला ग्रंथोक्त बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर टोचल्या आणि तिसऱ्याला औषधे, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटात सुमारे ४८ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात २७ टक्के रुग्णांना चांगला गुण आला. याचा अर्थ काय? सुयांनी दुखणे कमी झाले, हे खरे. परंतु बिंदूचा नेमका पत्ता चुकला तरी जवळजवळ तेवढाच गुण आला, हेही खरे. टोचण्याने शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते, तसेच उपचारकाचा स्पर्श, मिळालेला वेळ आणि मनातील अपेक्षा यांचाही वाटा असतो, असे संशोधक म्हणतात. शवविच्छेदनात बारा वाहिन्या सापडत नाहीत आणि ची कोणत्याही यंत्राने मोजलेली नाही. तेव्हा ची आणि वाहिन्या हे त्या काळच्या हुशार निरीक्षकांनी काढलेले नकाशे समजावेत. संगणकासमोर बसून आमचीही कंबर धरली होती. नोंदणीकृत उपचारकाकडून सुया घेऊन आम्हालाही बरे वाटले. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

दुसरे खाते वनस्पतींचे, आणि त्यात भरघोस जमा आहे. १९६७ साली चीनने हिवतापावरील औषधाचा शोध हाती घेतला. तू योयो या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी जुन्या ग्रंथांतून व वैद्यांकडून सुमारे २,००० पाठ गोळा केले आणि त्यांतील अनेक प्रयोगशाळेत तपासले. बहुतेक निरुपयोगी ठरले. दवण्याच्याच कुळातील 'छिंगहाव' ही वनस्पतीही कधी गुण दाखवी, कधी दाखवीत नसे. तेव्हा चौथ्या शतकातील ग हुंग या वैद्याच्या ग्रंथात तिला एक बारकावा सापडला. ही वनस्पती उकळायची नाही, पाण्यात भिजवून पिळून काढायची. म्हणजे उष्णतेने गुण नष्ट होत असावा! तिने कमी तापमानात अर्क काढला, प्राण्यांवर तपासला आणि १९७२ साली रुग्णांना देण्याआधी सहकाऱ्यांसह स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन हे औषध मिळाले. त्याने लाखो जीव वाचविले आणि २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या ग्रंथाला खरा मान असा द्यायचा असतो. पोथी डोक्यावर घेऊन नाचण्याने तो दिला जात नाही, तिच्यातली ओळ तपासून पाहण्याने दिला जातो.

तिसरे खाते नुकसानीचे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पती मिसळलेली औषधे घेतलेल्या शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. त्यांत ॲरिस्टोलोकिया जातीची विषारी वनस्पती होती. "झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार?" असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. सुई निर्जंतुक नसेल तर काविळीचा जंतू पसरू शकतो, आणि छातीवर खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते.

साखर, क्षय, रक्तदाब, कर्करोग यांच्या खात्यात मात्र सिद्ध औषधे बंद करावीत अशी कोणतीही जमा या विद्येने दाखविलेली नाही.

आपली परंपरा तपासण्याची आहे

हे तपासणे आपल्याला परके नाही. याच लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणे लावून मोजायला घेतला. योग आमचा आहे म्हणून तो खराच, असे म्हणून ते थांबले नाहीत.

आणि त्याहून कितीतरी आधी भगवान बुद्धांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. सीवक सुत्तात तर त्यांनी रोगाविषयीच सांगितले आहे. माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्माने होते, हे म्हणणे त्यांनी नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतूतील बदल, निष्काळजी वागणे, अचानक झालेला आघात अशी कारणे त्यांनी मोजून दाखविली. आजारी माणसाला "तुझेच भोग" म्हणून टाकून द्यायचे नाही, कारण शोधायचे, ही ती दृष्टी आहे. अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदासह स्वतः धुतले, ही महावग्गातील कथा आपण सर्वांनी ऐकली आहे.

म्हणून शेवटी आमची नम्र विनंती एवढीच. सुया घ्यायच्या असतील तर जरूर घ्या, परंतु उपचारक नोंदणीकृत आहे का ते विचारा. सुई आपल्या समोर नव्या पाकिटातून काढली जाते का ते पाहा. झाडपाल्याच्या पुडीत काय आहे ते लिहून मागा, आणि ते आपल्या डॉक्टरांना दाखवा. चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. आणि घरातील म्हाताऱ्या माणसाबरोबर शिबिराला कोणीतरी जा. मामा एकटे गेले होते. त्या दिवशी बँकेत महिनाअखेर होती, म्हणून आम्ही त्यांच्याबरोबर गेलो नाही. ही नोंद आमच्या नावे आहे आणि ती आम्ही खोडलेली नाही.

मामा आजही भातलावणीच्या वेळी बांधावर येऊन बसतात. गुडघा अधूनमधून दुखतो. साखरेची गोळी मात्र ते सकाळी न चुकता घेतात, आणि घेतली की भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला एक टिंब देतात. महिन्याच्या शेवटी आम्ही ती टिंबे मोजतो.